बाई बसली म्हणे

मी चटईवर बसले आणि सगळ्या कारंज्यात माझी शोभा झाली. आयुष्यभराचे मूर्खपणे ओळीनं मांडले तर हा सगळ्यात पुढे उभा राहील. ‘उभा’ म्हटलं बघा मी. उभं राहणं आणि बसणं, या दोन शब्दांनी मला जितकं छळलं तितकं सासूनंही छळलं नाही, आणि माझी सासू काही गरीब गाय नव्हती.

गोष्ट स्वातंत्र्य यायच्या थोडी आधीची. आज वाशीम जिल्हा म्हणतात तो तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. पण कारंजा होतं तिथेच होतं, आणि कारंज्याची कमिटी, म्हणजे आताची नगरपालिका, तीही होती. त्या कमिटीच्या इलेक्शनात मी उभी होते. मी म्हणजे कोण? मुसलमान मोहल्ल्यातल्या पिंजाऱ्याची सून. घरात गाद्या-रजयांचं दुकान, नुकती विशी ओलांडलेली, उर्दू शाळेतली चार बुकं झालेली, आणि त्या चार बुकांच्या जोरावर साऱ्या दुनियेला शिकवायला निघालेली. माणूस इलेक्शनाला ‘उभा राहतो’ हे मला माहीत होतं. उभा राहिलेला माणूस माघार घेतो तेव्हा त्याला ‘बसला’ म्हणतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चार बुकांत ते नव्हतं.

कोणाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांच्यावर मी चिडलेली आहे ते गेले, पण त्यांची नातवंडं बाजारात भेटली की माझी पिशवी उचलून घरापर्यंत आणून देतात. आणि नवऱ्याचं नाव तर मी ते असतानाही कधी घेतलं नाही, आता कागदावर कायले घेऊ? ते ‘हे’ होते, ‘हे’च राहतील.

तर भिंतीपासून सुरुवात करते, कारण सगळं त्या भिंतीसाठी झालं.

आमच्या मोहल्ल्याच्या मागे बायकांची गोदरी होती. आताच्या पोरींना हा शब्द सांगावा लागतो. घरोघर संडास नव्हते तेव्हा गावाबाहेर जाण्याची जी जागा, ती गोदरी. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. बायकांच्या गोदरीला लागून कापसाच्या जिनाकडे जाणारा रस्ता होता आणि मधे मातीची चांगली उंच भिंत. कापसाच्या दिवसांत शेलूबाजाराकडून, धनजकडून बंड्यांची रांग लागायची. बंडीवर कापसाचा ढीग, ढिगावर गाडीवान. पण भिंत होती तोवर त्यांची बाजू त्यांना आणि आमची आम्हाला. मग एका पावसाळ्यात ती भिंत बसली. हो, भिंतसुद्धा बसलीच. मी म्हटलं ना, हा शब्द माझा पिच्छा सोडत नाही.

कापसाचे हंगाम आले नि गेले, बसलेली भिंत कोणी उचलली नाही. बायकांनी मग उजाडायच्या आत जायचं, नाहीतर दिवस बुडाल्यावर. मधल्या वेळात पोटाला गाठ मारून बसायचं. दुपारचं पाणी प्यायचं नाही. हातात तांब्या घेऊन दाराआड उभ्या राहिलेल्या बायका मला अजून दिसतात. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून कधी सरकते ते बघत. कोणाचं पोट बिघडलं, कोणी बाळंतीण असली, तर तिचे हाल मी लिहीत नाही. लिहिण्यासारखे नाहीत म्हणून नाही. लिहायला बसले तर ही वही पुरायची नाही.

आमच्या वॉर्डाचा मेंबर कापसाचा अडत्या होता. मोठा माणूस. अत्तर लावून फिरायचा. परद्याचा तर इतका कैवारी, की मोहल्ल्यात लग्न असलं आणि बायकांच्या बाजूची कनात वाऱ्यानं जरा हलली, तरी हा मांडवाच्या त्या टोकावरून ओरडायचा, “परदा! अरे, परदा सांभाळा!” वाऱ्यालाही रागवायचा. पण त्याच बायकांच्या परद्याची भिंत पडून होती, आणि ती त्याला दिसत नव्हती. त्याच्या बंड्या तर रोज त्याच रस्त्यानं जायच्या.

एका सकाळी माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो, वेळेवर घरी आल्या नाहीत. अम्मा होत्या धनजच्या. त्यांच्या माहेराला लागून सगळी कुणब्यांची घरं, म्हणून त्यांच्या तोंडात आमच्या उर्दूपेक्षा वऱ्हाडीच जास्त. आणि उंच! आमच्या दारातून वाकून आत यायच्या. मी त्यांच्या काखेखालून निघून जाईन एवढी. तर त्या दिवशी बंड्या लवकर आल्या, रांग काही संपेना, आणि अम्मा तेवढं मोठं शरीर घेऊन एका नालीत दबून राहिल्या. चांगलं ऊन वर आल्यावर घरी आल्या. एका गाडीवानानं वरून खाकरून गाणं म्हटलं होतं म्हणे.  अम्मांनी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

हे मेंबरकडे गेले, सोबत मोहल्ल्यातली दोन-चार माणसं. मेंबरनं पान दिलं आणि सांगितलं, “शरीफ घरच्या बायका अंधारात जातात. उजेडात जाणारीसाठी भिंत बांधून काय उपयोग?”

हे वाक्य घरी आलं तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत कापूस वेचत होते. माझ्या अम्माला हा माणूस असं म्हणतो! मी उठले, दुकानाच्या दारात आले आणि म्हटलं, “मी उभी राहते.”

यांनी कापूस पिंजायच्या धनुकलीवरून हात काढला नाही. “उभीच तं हायेस. दार लाव, कापूस उडून राह्यला.”

“इलेक्शनात.”

मग धनुकली थांबली. हे भुवईवरचा कापूस पुसत म्हणाले, “दार तरी लाव.”

हसू नका. तेव्हा मत काही सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर घर आणि घरपट्टी, त्यालाच. आता आमच्यातली गंमत ऐका. निकाहात बायकोला मेहेर द्यावा लागतो, आणि पिंजाऱ्यांच्या घरी रोख कुठला? म्हणून आमच्याकडे मेहेरात घराची एखादी खोली लिहून द्यायची रीत होती. मोहल्ल्यातल्या कितीतरी खोल्या बायकांच्या नावावर होत्या, आणि पुरुषांना ते फक्त घरपट्टीच्या दिवशी आठवायचं. दुकानामागची खोली माझी. अम्माच्या नावावर अख्खा ओसरीचा भाग. म्हणजे आम्ही मतदार. आणि मी उभी राहू शकत होते, कायद्यानं. यांनी मला बुरख्यात कचेरीत नेलं, मी सही केली. सही करताना इतकी ताठ झाले होते की शाई सांडली. ते जाऊ द्या.

मोहल्ल्यात दोन दिवस नुसतं कुजबुजणं. आणि मग बडे अब्बा आले.

बडे अब्बा म्हणजे यांचे मोठे चुलते. सगळ्या बिरादरीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. पांढरी दाढी, हातात काठी, आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच पुण्यवान. सोबत तीन-चार वडीलधारी माणसं आणि मेंबरचा मुनीम. अंगणात चटया टाकल्या. आमच्या घरची रीत अशी की सुनेनं सासऱ्यांच्या, मोठ्यांच्या समोर बसायचं नाही. कधीच नाही. लग्न होऊन आल्यापासून मी बडे अब्बांच्या समोर बसले नव्हते. दाराच्या पडद्याआड उभं राहायचं आणि विचारलं तर ‘जी’ म्हणायचं.

“बेटी,” बडे अब्बा म्हणाले, “समोर ये.”

मी डोक्यावरून पदर ओढून समोर आले. उभी राहिले.

“बस, बेटी.”

मला खरं वाटेना. बडे अब्बा मला बसायला सांगत होते, चार पुरुषांच्या देखत! माझ्या डोक्यात काय आलं असेल? आलं असं, की बघ, उमेदवारी म्हणतात ती ही. आजपर्यंत सून होतीस, आज तू कोणीतरी आहेस. म्हणून तुला बसवतात. अशी मूर्ख पोरगी सगळ्या वऱ्हाडात शोधून सापडली नसती. मी चटईच्या कडेला बसले, आणि नुसती बसले नाही, पदर सारखा करून, मांडी नीट घालून, फोटो काढायचा असल्यासारखी बसले.

“खुशीनं बसली ना, बेटी?” बडे अब्बांनी विचारलं. “कोणी जबरदस्तीनं तं नाही बसवलं?”

“खुशीनं बसले, बडे अब्बा.”

“ऐकलं भाऊ सगळ्याइनं?” ते म्हणाले. सगळे म्हणाले, “शाबास, शाबास!” मेंबरचा मुनीम इतका आनंदला की त्यानं खिशातून खडीसाखर काढून वाटली. मला वाटलं, वा, किती दिलदार माणूस, विरोधी पार्टीचा असून! मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा केला. माझ्या हातानं. गूळ जरा जास्तच घातला.

चहा पिऊन ते गेले. संध्याकाळच्या आधी दवंडीवाला डफडं वाजवत गल्लीत शिरला: “ऐका हो ऐका! मोहल्ल्याच्या वॉर्डातली बाई बसली हो! खुशीनं बसली हो!”

मी खो खो हसले. ही कुठली बाई आणि बसली तर त्याची दवंडी काय पिटायची? अम्मा तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना म्हटलं, “अम्मा, कारंज्यात आता कोणी शिंकलं तरी दवंडी पिटतील.”

अम्मांनी सूप खाली ठेवलं. “अव, तूच नं थे बाई.”

“मी कुठे बसले?”

“चटईवर बसली नं. बड्या अब्बासमोर. खुशीनं. मले वाटलं, समजूनच बसली.”

त्यानंतर अम्मांनी मला ‘बसणं’ म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी बिचारीनं पुन्हा सूप घेऊन तांदूळ निवडता निवडता सांगितलं, हळू आवाजात, आणि मी ऐकता ऐकता कानापासून तळव्यापर्यंत तापले. आजही ताप उतरला असं नाही. मला शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, तर मी विसरले असते. पण मला मान दिला असं वाटावं म्हणून बसवलं! मी ज्या मानासाठी आसुसलेली होते, तोच माझ्यापुढे टाकून त्यांनी मला पकडलं.

बुरखा घालून मी थेट बडे अब्बांच्या घरी गेले. दाराआडून म्हटलं, “बडे अब्बा, मी तुमच्यासमोर चटईवर बसले होते. इलेक्शनातून नव्हते बसले.”

“बेटी, मी तुह्या घरी इलेक्शनचंच बोलाले आलो होतो. का चटईची किंमत सांगाले आलो होतो?”

“पण तुम्ही इलेक्शनचं नावही नाही काढलं!”

“सुनेसमोर असल्या गोष्टीचं नाव काढाचं?” ते अगदी दुखावल्यासारखे म्हणाले. “म्या शरम राखून बोललो. तू बी शरम राखून बसली. सारे खूश झाले. आता कायले खराब करतं?”

सांगते, त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझ्यावर उपकार केला. ओरडले नाहीत, धमकावलं नाही, माझी अब्रू झाकून मला बसवलं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. ढोंगी माणसावर रागावणं सोपं असतं. आपलं भलं केलं असं मनापासून वाटणाऱ्यावर रागवायला फार बळ लागतं, आणि मी तर दाराआड उभी होते.

यांनी कचेरीत जाऊन विचारलं. साहेब म्हणाला, लिहून दिलं नाही ना? मग बाई उभी आहे, नाव आहे. पण नाव कागदावर असून काय करता? कारंज्यानं दवंडी ऐकली होती. मोहल्ल्यातले पुरुष मेंबरला शब्द देऊन मोकळे झाले. बायका म्हणाल्या, बिचारी बसली, बसणारच होती. आता मी बसले नाही हे घरोघर जाऊन कसं सांगायचं? सांगितलं तर लोक म्हणणार, मग चटईवर कोण बसलं होतं, तुझी जाऊ?

तरी निघाले. पहिलंच घर एका म्हातारीचं. नवरा वारलेला, खोली तिची, मत तिचं. मी दारात पाय ठेवला तशी तिनं बाजेवरची गोधडी झटकली. “ये माय, बस.”

आणि मी किंचाळले, “नाही बसणार!”

काही ठरवून नाही हो. पोटात जे साठलं होतं ते निघालं. म्हातारी घाबरली. तिला वाटलं बाजेवर साप आहे. तिनं गोधडी दोनदा उलटली. मी उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं: भिंत, चटई, खडीसाखर. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “अव, मग बसूच नोको.” त्याच वेळी तिच्याकडे मणियारीण बांगड्या भरायला आली होती. मणियारीण म्हणजे गावाचं तारखातं. दुपारपर्यंत तिनं हिंदू आळीत, मोहल्ल्यात, जैनांच्या मंदिरामागच्या घरांतसुद्धा बांगड्या भरता भरता बातमी पोचवली: “ते पिंजाऱ्याची सून कोनाच्या घरी बसतच नाही म्हने. उभीच राह्यते.”

झालं. ज्या कारंज्यात मी बसले याची दवंडी पिटली होती, तिथे आता मी बसत नाही याची चर्चा सुरू झाली. मला मुद्दाम बोलावू लागले. पाट टाकायचे, सतरंजी टाकायचे आणि बघत राहायचे. मी उभी. एका घरी तर बायकांनी मला झुल्यावर बसवायचा प्रयत्न केला, मागून झुला माझ्या गुडघ्याला लावून. मी उडी मारून बाजूला झाले. गाद्या भरणाऱ्याच्या घरची बाई आणि तिलाच टेकायला जागा नाही! या फजितीवर मी स्वतः हसले असते, पायात गोळे आले नसते तर.

आता घरात काय करायचं हा प्रश्न पडला. मोहल्ल्यात कोणीही भिंतीवरून डोकावत होतं. मी अम्मांना विचारलं, “चुलीपुढे तर बसावंच लागतं.”

अम्मांनी काझीसारखा निवाडा दिला. “नमाजातलं बसनं अल्लाचं. चुलीपुढचं बसनं पोटाचं. लोकाइच्या घरचं बसनं तेवढं इलेक्शनचं. ते नाही बसाचं.”

“आणि गोदरीतलं?”

“त्याच्याचसाठी तं उभी हायेस नं वं!”

तेव्हा अम्मा पहिल्यांदा हसल्या, नालीतल्या त्या सकाळनंतर.

मत टाकायचा दिवस आला. शाळेत मतं, शाळेसमोर निंबाचं झाड. मी सकाळपासून निंबाखाली उभी, बुरख्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. कोणी विचारलं, बाई बसली ना? तर लोक बोट दाखवायचे, ते काय, उभी. दुपारपर्यंत माझे पाय माझे राहिले नाहीत. 

आणि त्याच वेळी मेंबरचा नोकर खुर्ची घेऊन आला. मेंबरच्या दिवाणखान्यातली, नक्षीची, वर मखमलीची गादी. ती गादी आमच्याच दुकानात भरलेली. माझ्या हाताचे टाके मी ओळखले. खुर्ची त्यानं माझ्या अगदी मागे ठेवली. मग मेंबर स्वतः आला, अत्तराचा वास पुढे, तो मागे. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बहनजी, किती उभ्या राहाल? बसा. इलेक्शन इलेक्शनच्या जागी, माणुसकी माणुसकीच्या जागी.”

 सगळे बघत होते. मखमलीची कड माझ्या पोटरीला लागत होती. खरं सांगते, मी बसणार होते. मान म्हणून नाही, इलेक्शन म्हणून नाही. पाय म्हणत होते म्हणून. भिंतबिंत सगळं मी त्या क्षणी त्या गादीसाठी देऊन टाकलं असतं. माझ्याच हातानं भरलेली गादी मला बोलावत होती आणि मी गुडघे वाकवू लागले होते.

इतक्यात अम्मा मत टाकून बाहेर आल्या. त्या उंच बुरख्यानं खुर्ची पाहिली, मेंबर पाहिला, माझे गुडघे पाहिले. लांब ढांगा टाकत त्या आल्या, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि खुर्चीत बसल्या. अशा बसल्या की खुर्ची करकरली.

नोकर म्हणाला, “चाची, ते उमेदवार बाईसाठी हाय.”

“मंग काय झालं? मले माणुसकी नाही लागत काय?” अम्मा म्हणाल्या. “मेंबरसाहेबानं आनली, किती भला मानूस! माहे पाय दुखून राह्यले. आन मी काही इलेक्शनात उभी नाही बाप्पा, मले बसाले काय होते?”

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग एक शेतकरी मोठ्यानं म्हणाला, “बसू द्या हो मेंबरसाहेब, त्याइच्याच दुकानची गादी हाय!” मग सगळी रांग हसली, मोहल्ल्यातले पुरुषही हसले, ज्यांनी शब्द दिला होता तेही. मेंबर हसला नाही. त्यानं खुर्ची परत मागितली नाही, मागताच येईना. मतं संपेपर्यंत अम्मा त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. येणाऱ्या बायकांना विचारत होत्या, “काहून वं, उशीर केला? जाय, टाकून ये.”

मी निवडून आले. किती मतांनी ते सांगत नाही, कारण सांगताना दरवेळी ती मतं माझ्याकडून वाढतात.

इथे गोष्ट संपवली तर मी शहाणी ठरेन, आणि मग नातवंडं म्हणतील, आजी खोटं लिहिते.

कमिटीच्या पहिल्या मीटिंगला गेले, तर माझ्यासाठी खुर्चीच नव्हती. मला बसवायला अख्खं कारंजा झटलं, गाद्या-मखमली झाल्या, आणि जिथे बसायचा माझा हक्क होता तिथे खुर्ची नाही! टेबलाभोवती सगळे पुरुष, प्रत्येकाच्या बुडाखाली खुर्ची, आणि सगळे मला म्हणतात, “बसा बाई, बसा.” इथे मी म्हणायला पाहिजे होतं, ‘भिंत उभी राहील तेव्हाच मी बसेन.’ रात्री अंथरुणात हे वाक्य मला किती छान सुचलं! मीटिंगमध्ये मी म्हटलं, “कुठे?” मग चपराशानं दाराबाहेरचं त्याचं स्टूल आणून दिलं. बुटकं, वीतभर उंचीचं. मी त्यावर बसले. टेबलाची कड माझ्या हनुवटीला.

भिंतीचा विषय मी काढला. मला वाटलं होतं भांडण होईल, मी तयारी करून गेले होते. पण सगळे कसे एकदम कबूल! अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, “भिंत पाहिजे, बिलकुल पाहिजे. किती उंच पाहिजे, बाई?” मी खुशीत स्टुलावरूनच हात डोक्याच्या वर नेला. “एवढी!” बांधकामावरच्या ओव्हरसियरनं कागदावरून मान वर करून माझ्या हाताकडे बघितलं, खाली फरशीकडे बघितलं, आणि काहीतरी लिहून घेतलं. दोघं-तिघं एकमेकांकडे बघून हसले. मीही हसले. त्यांच्या हसण्यात मी सामील झाले!

भिंत बांधून झाली आणि मी पाहायला गेले तेव्हा ती माझ्या खांद्याला आली. माझ्या, म्हणजे सगळ्या मोहल्ल्यात बुटक्या असलेल्या बाईच्या. मी ओव्हरसियरला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “बाई, माप तुम्हीच हातानं दाखवलं होतं. आणि तिथं बायका बसायलेच जातात नं? बसलं की काही दिसत नाही.”

म्हणजे बाई बसलेली असेल तोवर तिची अब्रू कमिटी झाकणार. उठून उभी राहिली तर तिची ती बघून घेईल. सगळा कायदा त्यांनी मला एका वाक्यात शिकवला, आणि तोही माझ्याच हाताचं माप दाखवून. मी किती भांडले, किती अर्ज केले, पुढच्या वर्षात ती भिंत वर चढवायला मला काय काय करावं लागलं, ते वेगळं. पण त्या दिवशी मी कोणाला काही सांगितलं नाही. बांधली तर होती. मोहल्ला खूश होता. मी अम्मांना म्हटलं, चला, आज भर दुपारी चला, अंधाराची वाट नाही पाहायची.

अम्मा तांब्या घेऊन भर उन्हात भिंतीमागे गेल्या. मी रस्त्याकडे पाठ करून राखणीला उभी राहिले. शेलूबाजाराकडून कापसाची एक बंडी येत होती, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज जवळ आला, जरा थांबला आणि पुढे गेला. मग अम्मा बाहेर आल्या. मातीनं हात घासून धुतले, पदरानं पुसले, माझ्याकडे खालून वर एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या:

“बसली होती तवरिक कोनाले दिसली नाही. उठली तं गाडीवानानं मले सलाम केला. अव पोरी, भिंतीचं माप देतानी तू बसली होती काय?”